खाते ‘डिलीट’ होत नाही, तेव्हा

लातूरच्या बाजार समितीतील अडत दुकान असो वा नांदेडच्या नव्या मोंढ्यातील एखादी पेढी, एप्रिल उजाडला की तेथील संगणकासमोर एक दृश्य हमखास दिसते. जुन्या वर्षाचे हिशेब आवरून नव्या वर्षाची वही, म्हणजे आताच्या भाषेत नवी ‘कंपनी’, उघडायची असते. खात्यांची यादी वरून खाली पाहताना हिशेबनिसाच्या लक्षात येते, की एकच शेतकरी दोनदा नोंदला गेला आहे. मालाच्या यादीत ‘सोयाबीन’ आणि ‘सोयाबिन’ असे दोन जिन्नस आहेत. कधीकाळी कुणीतरी शिकताना उघडलेले ‘टेस्ट’ नावाचे एक गोदामही तसेच पडून आहे. यादी स्वच्छ करावी म्हणून तो डिलीटची कळ दाबतो आणि संगणक नकार देतो. पुन्हा दाबतो, पुन्हा नकार. मग सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याला फोन जातो, ‘‘दादा, खातं डिलीटच होईना गेलंय.’’

व्यवसायाच्या संगणकीकरणात ही तक्रार सर्वांत जुनी आणि बहुधा सर्वांत वारंवार येणारी आहे. मोंढ्यातल्या टॅलीपासून मोठ्या कारखान्यांतील जर्मन ‘सॅप’ प्रणालीपर्यंत तिचे स्वरूप एकच असते. तरीही तिच्याकडे बिघाड म्हणून पाहिले जाते आणि तो ‘दुरुस्त’ करण्याच्या घाईत खरा बिघाड घडतो.

संगणक कोणाची बाजू घेतो?

हिशेबाच्या प्रणालीत दोन प्रकारची माहिती असते. पहिली रचनेची. त्यात खाती, खात्यांचे गट, मालाचे प्रकार, मापे, गोदामे, कराचे दर आणि व्हाउचरचे प्रकार येतात. व्यवहारात हिला ‘मास्टर’ म्हणतात. दुसरी माहिती रोजच्या व्यवहारांची, म्हणजे पावत्या, बिले, पट्ट्या आणि जमाखर्च यांची. दुसरी माहिती पहिलीच्या आधारावर उभी असते. ‘२० क्विंटल सोयाबीन, अमुक शेतकरी, अमुक गोदाम’ अशी नोंद झाली, की त्या एका ओळीने जिन्नस, माप, खाते आणि गोदाम या चारही मास्टरना धरून ठेवलेले असते.

ज्यांनी लातूरची गंजगोलाई पाहिली आहे त्यांना हे सांगणे सोपे आहे. मध्यभागी गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे १६ रस्ते. समजा, उद्या कुणी म्हणाले, की गोलाई तेवढी उचला, रस्ते राहू द्या. मग ते रस्ते कोठे जाऊन मिळणार? खाते काढून टाकले आणि त्या खात्याच्या नोंदी मात्र राहिल्या, तर त्या नोंदींची अवस्था तशीच होते. पैसे दिले आहेत, पण कोणाला याचे उत्तर वहीत नाही. असे होऊ नये म्हणून प्रणाली आधी तपासते आणि एकही रस्ता येऊन मिळत असेल तर गोलाईला हात लावू देत नाही.

या तपासणीमागील तत्त्व बरेच जुने आहे. आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहितीसाठ्याची परस्परसंबंधांवर आधारलेली रचना मांडली. एका तक्त्यातील नोंद दुसऱ्या तक्त्यातील ज्या नोंदीचा हवाला देते, ती नोंद अस्तित्वात असलीच पाहिजे, हा त्या रचनेतील एक पायाभूत नियम. बंगळुरूच्या गोयंका पितापुत्रांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या उद्योगातून आलेल्या टॅलीची अंतर्गत बांधणी निराळी असली, तरी हा नियम तीही पाळते. टॅलीत सुरुवातीलाच २८ गट तयार मिळतात. ते पुसता येत नाहीत. नफा-तोटा खाते पुसता येत नाही. आपण स्वतः केलेला गट, त्याच्या पोटात एखादे खाते वा उपगट असेपर्यंत जात नाही. मापही, ते एखाद्या मालाला लावलेले असेपर्यंत जात नाही.

रिकामे दिसणारे खाते

येथवर बहुतेकांना ठाऊक असते. डोके चक्रावते ते पुढे. खाते उघडून पाहिले तर त्यात एकही नोंद नाही, शिल्लक शून्य, तरीही संगणक म्हणतो की हे वापरात आहे.

अशा वेळी पहिली शंका घ्यावी ती कालावधीची. पडद्यावर जे खाते दिसते ते निवडलेल्या तारखांपुरतेच असते. हिशेबनीस चालू महिना पाहत असतो आणि नोंद मात्र तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली असते. कालावधी बदलून पुस्तके जेथून सुरू झाली त्या तारखेपासून आजपर्यंतचा काळ निवडला, की पुष्कळदा ती एकुलती एक नोंद समोर येते. मोंढ्यातील अशा तक्रारींचा मोठा भाग एवढ्यावरच मिटतो, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही काही दिसले नाही, तर ज्या नोंदी शिलकेवर परिणाम करीत नाहीत त्या शोधाव्या लागतात. कच्ची म्हणून ठेवलेली ऐच्छिक व्हाउचरे, स्मरणार्थ केलेल्या नोंदी, पुढल्या तारखेचे धनादेश हे सारे ताळेबंदात उतरत नाही, पण खात्याला धरून असते. याहून अवघड जागा म्हणजे रचनेने रचनेला दिलेला हवाला. पट्टी करताना हमाली आणि तोलाई आपोआप कापली जावी म्हणून व्हाउचरच्या प्रकारात ती खाती कायमची बसवून दिलेली असतात. ‘हमाली जुनी’ हे खाते गेली दोन वर्षे कुणी वापरले नाही हे खरे. पण पट्टीच्या साच्यात त्याचे नाव अजून लिहिलेले आहे. नोंदी कितीही चाळल्या तरी ते सापडायचे नाही. साचा उघडावा लागेल.

मापांचा घोळ हा या भागातला खास प्रकार. व्यापार क्विंटलमध्ये, हमालांचा हिशेब कट्ट्यांवर आणि किरकोळ विक्री किलोने. सुरुवातीला कुणीतरी कट्ट्याचे वजन चुकीचे भरले आणि शेकडो पट्ट्या झाल्यावर ते ध्यानात आले, तर ते माप पुसण्याचा नाद सोडावा. योग्य वजनाचे नवे माप वेगळ्या नावाने करावे आणि ठरावीक तारखेपासून नव्या जिन्नसाला ते लावावे. शिल्लक माल जुन्या जिन्नसातून काढून नव्यात जमा दाखवावा. काम किचकट आहे, एक दिवस मोडतो. परंतु गतवर्षीच्या पट्ट्यांवर छापलेले वजन बदलत नाही.

याखेरीज दोन किरकोळ कारणे. एक, अधिकाराचे. मालकाने हिशेबनिसाला नोंदी करण्याची मुभा दिलेली असते, पुसण्याची नाही. दुसरे, दुकानातल्या दुसऱ्या संगणकावर कुणीतरी तेच खाते उघडून बसलेले असते. माहिती खरोखरच खराब झाली असण्याची शक्यता सर्वांत शेवटी विचारात घ्यावी. भारनियमनाच्या वर्षांत, बिल छापता छापता वीज गेल्याने माहितीसाठा बिघडणे मराठवाड्यात नवलाचे नव्हते. टॅलीत माहिती पुन्हा लिहून घेण्याची सोय आहे, पण तिचा वापर राखीव प्रत घेतल्यावाचून करू नये. ती प्रत त्याच संगणकात ठेवण्याला काही अर्थ नाही, हेही जाता जाता.

ज्ञानोबांची दोन खाती

आता त्या दोनदा नोंदल्या गेलेल्या शेतकऱ्याकडे वळू. एक उदाहरण घेऊ. ज्ञानोबा हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहिताना कुणी ‘डी’पासून सुरू करतो, कुणी ‘जी’पासून. दोन हिशेबनीस बदलले, दोन खाती झाली. ऑगस्टमध्ये ज्ञानोबांनी २५,००० रुपये उचल घेतली. ती पहिल्या खात्यात नावे पडली. दिवाळीनंतर त्यांनी २० क्विंटल सोयाबीन ४,५०० रुपये भावाने घातले. ते ९०,००० रुपये दुसऱ्या खात्यात जमा झाले. हिशेबनिसाला पहिले खाते फाजील वाटते. ते जात नाही म्हणून तो आधी त्यातले उचलीचे व्हाउचर पुसतो. मग खाते निमूटपणे जाते आणि काम झाल्याचे समाधान मिळते.

घडले ते असे. उचलीचे व्हाउचर पुसल्याने रोकड वहीत ऑगस्टपासून रोज २५,००० रुपये जास्त दिसू लागले, गल्ल्यात मात्र ते नाहीत. ज्ञानोबांच्या राहिलेल्या खात्यात पूर्ण ९०,००० येणे दिसते. मालक ते देऊन टाकील आणि वर्षअखेरीस कमी भरणाऱ्या रोकडीचा जाब त्या हिशेबनिसालाच विचारील. त्याने पैशाला हात लावलेला नाही, पण तसे सिद्ध करणारे व्हाउचर त्यानेच पुसले आहे.

याला उपाय वहीखात्याच्या काळात होता तोच आहे. जर्नलमध्ये एक नोंद करून दुसऱ्या खात्यात २५,००० नावे टाकावेत आणि पहिल्या खात्यात तेवढेच जमा करावेत. पहिले खाते शून्यावर येते, दुसऱ्यात खरे ६५,००० देणे उरते. पहिल्या खात्याच्या नावाअगोदर ‘बंद’ असा शब्द घालावा, म्हणजे ते यादीत वेगळे पडते आणि चुकून वापरले जात नाही. नोंदी एकदोनच असतील आणि त्या महिन्याचे विवरणपत्र गेले नसेल, तर प्रत्येक व्हाउचर उघडून त्यात खाते बदलले तरी चालते. विवरणपत्र गेल्यावर मात्र मागे जाऊन बदल करू नयेत.

वस्तुतः संगणक ‘नाही’ म्हणतो तोवर फारसे बिघडत नाही. धोका तो ‘हो’ म्हणतो तेव्हा आहे. वर्षअखेरीस माहितीचे विभाजन केले, की नव्या वर्षाच्या प्रतीत प्रत्येक खात्याची फक्त आरंभीची शिल्लक येते. जुनी व्हाउचरे मागे राहतात. आता एखाद्या शेतकऱ्याचे १८,००० रुपये मागील वर्षापासून दुकानात जमा आहेत, ‘लागतील तेव्हा नेतो’ म्हणून त्याने ठेवलेले. नव्या प्रतीत त्या खात्यावर एकही व्हाउचर नाही. असे खाते पुसू पाहिले तर टॅली अडवत नाही. फक्त तेरजेत ‘आरंभीच्या शिलकेतील फरक’ अशी एक ओळ उमटते. ही ओळ पाहून न पाहिल्यासारखे करण्याची सवय अनेक दुकानांत आहे. मृगाच्या तोंडावर बी-बियाण्यासाठी पैसे मागायला तो शेतकरी दुकानाच्या पायरीवर येतो, तेव्हा त्याचे खातेच सापडत नाही. त्याच्याजवळ जुनी पट्टी असेल तर ठीक. नसेल तर मालकाच्या आठवणीवर आणि सचोटीवर सारे अवलंबून. म्हणूनच एप्रिलमधील साफसफाईपूर्वी तेरीज छापून घ्यावी, साफसफाईनंतर पुन्हा छापावी आणि दोन्हींची बेरीज शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

नाव बदलले, खाते नाही

पुसण्याचा मोह सर्वाधिक होतो तो नावे बदलतात तेव्हा, आणि मराठवाड्याने गेल्या काही वर्षांत नावे बदलताना पुष्कळ पाहिली आहेत. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या व्यापाऱ्यांचे निजामाबाद-हैदराबादकडचे सारे गिऱ्हाईक एका रात्रीत आंध्र प्रदेशातून दुसऱ्या राज्यात गेले. कराच्या क्रमांकातील राज्याचा संकेतांक २८ होता तो तेलंगणासाठी ३६ झाला, उरलेल्या आंध्रासाठी ३७. १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. निजामी राजवटीत १९४१ साली स्थापन झालेली ही बँक नांदेड-लातूरकडे घरोघरची. शाखांचे ‘एसबीएचवाय’ने सुरू होणारे संकेतांक ‘एसबीआयएन’ने सुरू होऊ लागले. आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले.

या प्रत्येक वेळी काही दुकानांत जुने खाते पुसून नवे उघडण्याचा खटाटोप झाला असणार. त्याची गरज नव्हती. बँकेचे नाव बदलले तरी खातेदाराचा खाते क्रमांक तोच राहिला होता. मग वहीतले खाते तरी का बदलावे? नावाच्या रकान्यात दुरुस्ती करावी, जुने नाव पर्यायी नाव म्हणून ठेवावे, म्हणजे सवयीने जुने नाव टंकणाऱ्यालाही खाते सापडते. सरकारही तसेच करते. जिल्हा धाराशिव झाला, पण गाड्यांच्या पाट्यांवर एमएच-२५ कायम आहे. त्याच जिल्ह्यातून १९८२ साली वेगळा झालेल्या लातूरचा क्रमांक २४, नांदेडचा २६. संगणक आतून अशाच क्रमांकांवर चालतो. नाव हे त्याच्या दृष्टीने दारावरची पाटी असते.

मात्र नाव बदलणे आणि पक्षकार बदलणे यांत गल्लत होऊ नये. वडिलांच्या एकट्याच्या नावाची पेढी मुलांनी भागीदारीत चालवायला घेतली, पाटीही तीच ठेवली, तरी पॅन बदलतो. पॅन बदलला की १५ अक्षरी जीएसटी क्रमांक बदलतो, कारण पहिल्या दोन राज्यांकांनंतरची १० अक्षरे पॅनचीच असतात. येथे जुन्या खात्यात नवा क्रमांक भरणे चूक ठरेल. टॅलीत मास्टर बदलला की जुनी बिलेही नव्या तपशिलासह छापली जाऊ शकतात. वडिलांच्या काळातील बिलावर मुलांच्या भागीदारीचा क्रमांक आला, तर तपासणीत ते समजावून सांगताना नाकी नऊ येतील. अशा वेळी नवे खाते उघडणेच योग्य. जुने खाते हिशेब चुकता करून बंद करावे, पुसू नये.

कराच्या दरांचेही तेच. १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ व २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी रद्द झाले. ‘विक्री १२ टक्के’ हे खाते आता निरुपयोगी वाटेल. पण ऑगस्ट २०२५ मध्ये विकलेला माल परत आला, तर त्याची क्रेडिट नोट जुन्या दरानेच करावी लागते.

खोडायचे, पण दिसेल असे

कायद्याची भूमिका या बाबतीत पुरेशी स्पष्ट आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमांतील नियम ५६ चा आठवा उपनियम सांगतो, की वहीतील नोंद पुसू नये, मिटवू नये, तिच्यावर गिरवू नये. लेखनिकाच्या किरकोळ चुका सोडल्या तर चुकीची नोंद सहीनिशी रेघ मारून खोडावी व मग बरोबर नोंद करावी. हिशेब संगणकावर असतील तर बदललेल्या वा पुसलेल्या प्रत्येक नोंदीचा मागोवा ठेवावा. लाल बासनातल्या चोपडीत जुने मुनीम हेच करीत. पान फाडीत नसत. पानांना क्रमांक असत, फाडले तर कळे.

कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांसाठी तर १ एप्रिल २०२३ पासून असेच सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहील आणि ही नोंद बंद करता येणार नाही. ती वर्षभर चालू होती की नाही, हे लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात सांगावे लागते. मोंढ्यातील बहुतेक पेढ्या एकट्याच्या मालकीच्या वा भागीदारीच्या असल्याने हा दुसरा नियम त्यांना लागू नाही. डाळ मिल वा तेल कारखाना खासगी मर्यादित कंपनी असेल, तर लागू आहे. तेथील हिशेबनिसाने रात्री उशिरा थांबून केलेली ‘साफसफाई’ आता तारखेसकट लेखापरीक्षकापुढे येते.

मोठ्या प्रणालींत पुसण्याची वाट याहून लांबची असते. सॅपमध्ये एखादा पुरवठादार नको असेल तर प्रथम त्याच्याशी नवे व्यवहार अडवले जातात, मग त्यावर ‘पुसण्यायोग्य’ अशी खूण केली जाते. त्याच्या जुन्या नोंदी दप्तरात रवाना झाल्यावरच तो प्रत्यक्ष जातो. एखादी कंपनी संकेतांकासह प्रत्यक्ष वापरात आहे अशी खूण एकदा लागली, की चाचणीचा डेटा पुसण्याचे कार्यक्रमही तिच्यावर चालत नाहीत. तरीही चूक होते, आणि ती बहुधा एकाच ठिकाणी. रचनेतील बदल आधी विकासाच्या वेगळ्या प्रणालीत करून मग चालू प्रणालीत नेले जातात. विकासाच्या प्रणालीत खरे व्यवहार नसतात. त्यामुळे तेथे एखादा कोठार संकेतांक विनातक्रार पुसला जातो आणि तोच बदल चालू प्रणालीत पोचल्यावर प्रत्यक्ष साठा पोरका होतो. पुण्या-मुंबईत अशा कामावर असलेल्या लातूर-नांदेडच्या अभियंत्यांना हे सांगायला नको. त्यांनी गावाकडे सुटीवर आल्यावर काकांच्या दुकानातील टॅलीकडेही याच नजरेने पाहावे.

राहता राहिले ते ‘टेस्ट’ नावाचे गोदाम. त्यात कधी माल ठेवला गेला होता का, हे पुस्तकांच्या पहिल्या तारखेपासून पाहावे. शिकताना केलेले एखादे खोटे आवक व्हाउचर निघालेच आणि ते कोणत्याही विवरणपत्रात गेलेले नसेल, तर राखीव प्रत घेऊन, मालकाला सांगून ते काढावे. त्यानंतर गोदाम पहिल्या प्रयत्नात जाते.